न पुसला गेलेला पेन ड्राइव्ह

बाईसाहेब,

आम्ही गावाला पाजतो त्या पाण्याचे खरे अहवाल असलेला पेन ड्राइव्ह काल मी घाबरून फॉरमॅट करायला बसलो, तर ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणून तो हटून बसला. कडेचा, पुसणं अडवणारा बारीक खटका तू सरकवून ठेवलायस, हे आज दाढी करताना लक्षात आलं. नवऱ्याला चांगलं ओळखतेस.

साहेबांनी ड्राइव्ह घेऊन ऑफिसात बोलावलंय. आपल्या लग्नाच्या फोटोंचा नेतोय. तेवढाच वेळ मिळेल. खरा पिठाच्या डब्यात आहे. तो लगेच तुझ्या वकील भावाकडे पोचव.

मी फोन करून ‘खटका सरकव, सगळं पुसून टाक’ म्हणालो, तर साहेब शेजारी बसलेत असं समज. कितीही ओरडलो तरी ‘बरं’ म्हण, आणि पुसू नकोस.