पाचव्या दिवसाचं मौन

नागपूर,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सीता,

सप्रेम जयभीम.

मी इथे ठीक आहे. तू, तुझा अश्वजित, सूनबाई पिंकी आणि तिचं लेकरू, सगळे चामोर्शीत बरे असाल. तुझ्या डोळ्यातून पाणी यायचं थांबलं का? ड्रॉप संपले असतील तर अश्वजितला आणायला सांग, आज-उद्या करत बसू नको. एकच डोळा राहिला आहे, त्याचे लाड करायलाच हवेत.

पत्र बघून तू हसली असशील. आजकाल पत्र कोण लिहितं? पण फोनवर माझा आवाज म्हणजे सायकलच्या ट्यूबमधून निघणारी हवा. पिंकी बिचारी "मावशी, नेटवर्क नाई वाटते" म्हणून ठेवून देते. मेसेज करावा तर मोबाइलही तिच्याच हातात. मला जे लिहायचं आहे ते आधी तू वाचायला हवं. सातवीपर्यंत आपण एका बाकावर बसलो आणि तुझं वाचन माझ्यापेक्षा बरं होतं, बाई कबूल करायच्या. सावकाश वाच, पण स्वतः वाच.

दवाखान्यात ही माझी तिसरी खेप. मागच्या वेळी गालाच्या आतून डाळीएवढा तुकडा काढून घेतला होता. त्यातल्या पेशी यांनी प्रयोगशाळेत दोन महिने वाढवल्या, आणि आता त्या सुईनं माझ्या गळ्यात सोडणार आहेत. आपण धानाचं पऱ्हं टाकून रोपं वाढवतो आणि मग रोवणी करतो, तसंच काहीसं. डॉक्टर दिव्यानी म्हणून आहेत, माझ्या निकेशच्या वयाच्या. त्यांनी नाकातून कॅमेरा घालून मला माझाच गळा पडद्यावर दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या आहेत, त्यांना स्वरतंतू म्हणतात. चांगल्या तंतूवर सायीसारखा मऊ थर असतो, तो लहरतो म्हणून आवाज निघतो. माझी उजवीकडची साय हलते. डावीकडची खाली चिकटून बसली आहे, करपलेल्या दुधासारखी. सहा वर्षांपूर्वी गळ्यातली गाठ काढली ना, त्या ऑपरेशनचा तो वण. पायाला वण पडला तर माणूस चालतो, तिथे पडला तर बोलणंच बसतं. डॉक्टर स्पष्ट सांगतात की हा प्रयोग आहे, कोणाला थोडा गुण येतो, कोणाला येत नाही, आणि गाणं परत येईल असं धरून चालू नका. मला त्यांचं हे स्पष्ट बोलणं आवडतं.

खाली धर्मशाळेत खाट मिळाली आहे. शेजारची बाई माझ्याशी मोठमोठ्यानं ओरडून बोलते. आवाज गेला म्हटलं की लोकांना वाटतं कानही गेले. गावात तरी काय वेगळं आहे? पहिली दोन वर्षं लोक विचारपूस करायचे, माझं उत्तर यायची वाट बघायचे. उत्तर यायला वेळ लागतो, आणि कामधंद्याच्या माणसाला तेवढा वेळ कुठला? हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. आता मला फक्त सांगतात. अंगणवाडीत मदतनीस गाणी म्हणते आणि मी हातवारे करते, पोरांना वाटतं ही नाचणारी बाई. निकेश पुण्याहून रविवारी फोन करतो, स्वतःच बोलतो आणि स्वतःच "बरं मग" म्हणून ठेवतो. परवा माझ्या लक्षात आलं की चार दिवसांत मला कोणी एकसुद्धा प्रश्न विचारला नव्हता.

आणि त्यातच पिंकीनं फोनवर तुझा निरोप सांगितला. "मावशी, आई म्हन्ते का आता इथीच राहाले या. मागची खोली खाली करून ठेवली हाये." मी खोकल्यासारखं केलं आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, हिचे नखरे अजून गेले नाहीत.

नखरे नव्हते. उद्या लिहिते.

१९ फेब्रुवारी

कालचं वाचून पाहिलं. नुसतं इकडचं तिकडचं. अंगणवाडीत पोरानं चड्डी ओली केली की ते जसं चिऊताई आली होती आणि बकरी आली होती असं सांगत बसतं, तशी माझी गत झाली आहे. आता सरळ लिहिते.

काल दुपारी डॉक्टर दिव्यानी माझा फॉर्म घेऊन बसल्या. त्यांचं संशोधन असं आहे की, ऑपरेशननंतर कोणाच्या तंतूवर वण पडतो आणि कोणाच्या नाही, आणि का. सगळे म्हणतात की ऑपरेशननंतरचं सात दिवसांचं मौन ज्यानं मोडलं त्याला वण पडतो. यांना शंका आहे की काहींच्या अंगाची जखम भरायची रीतच वेगळी असते, त्यांनी कितीही तोंड बंद ठेवलं तरी वण पडतोच. ते तपासायला त्यांना असे पेशंट हवेत, ज्यांनी सातही दिवस ब्र काढला नाही आणि तरी आवाज गेला. "बत्तीस जणांत दोघंच मिळाले," त्या म्हणाल्या. "लोक गप्प बसतच नाहीत हो मावशी. तुमचं तर वेगळंच आहे. तुम्ही मैत्रिणीचा जीव वाचवायला ओरडलात." माझ्या फॉर्मवर लिहिलेलं होतं, पाचव्या दिवशी ओरडावे लागले. मागे अश्वजित मला इथे घेऊन आला होता ना, त्यानंच मोठ्या अभिमानानं डॉक्टरांना सांगितलं होतं. मी शेजारी बसून मान हलवली होती.

काल मी पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं, "मी ओरडले नाही."

त्यांना वाटलं मी गंमत करते. मग खाली लिहिलं, "सात दिवस. एक शब्द नाही."

सीता, तुला तो दिवस माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे असं सगळे म्हणतात, कारण सोसलं तू. पण तुला जे माहीत आहे ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं मी सहा वर्षं पोटात ठेवलं.

मला मोहफुलं वेचायला यायचंच नव्हतं. ऑपरेशनला पाच दिवस झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की बोलायचं तर नाहीच, पण मोठ्यानं खोकायचंसुद्धा नाही. हे पाळलंत तर पुढच्या भीमजयंतीला स्टेजवर पुन्हा गाल. तू पहाटे टोपलं घेऊन दारात आलीस आणि म्हणालीस, "तू नको बोलू. तुह्या वाटचं मीच बोलतो. अस्वलाले काय मालूम कोन बोलून राह्यलं." जंगलात बाया एकमेकींना आवाज देत राहतात म्हणजे जनावर दूर राहतं. आपल्या टोळीत ते काम नेहमी माझं होतं. त्या दिवशी तू दोघींचं केलंस. खुणा पण तूच ठरवल्यास. एक टाळी म्हणजे हो. दोन टाळ्या म्हणजे माझ्याकडे बघ.

तू नाल्याच्या अंगाच्या झाडाखाली वाकली होतीस. मोह दाट पडला होता, म्हणून वेचता वेचता तुझं बोलणं थांबलं होतं. मी वर, बांधावर. अस्वल नाल्यातून वर आलं, मागे पिल्लू. तुझ्यापासून तीस पावलं असेल, आणि तुझी पाठ त्याच्याकडे.

मला वेळ मिळाला होता, सीता. हे कोणाला माहीत नाही. सगळे म्हणतात सगळं एका क्षणात झालं. एका क्षणात नाही झालं. मी तोंड उघडलं, तुझं नाव जिभेवर आलं, आणि मला डॉक्टरांचं बोट आठवलं, ओठांवर ठेवलेलं. जयंतीचं स्टेज आठवलं. तुझा जीव आणि माझा गळा, दोन्ही एकदम डोळ्यांसमोर आले, आणि मी गळा धरला. मला वाटलं, टाळीनं भागेल. मी टाळ्या वाजवल्या.

तू माझ्याकडे बघितलंस. ठरलं होतं तसंच. अस्वलाकडे पाठ करून माझ्याकडे बघत उभी राहिलीस आणि हसून म्हणालीस, "काऊन टाळ्या वाजवून राह्यली वं? थांब, येतो." तुझा तो पूर्ण चेहरा मी शेवटचा तेव्हा पाहिला.

नंतरही मी ओरडले नाही. नंतर तर ओरडायला निघालंच नाही. मी हातातली बादली दगडावर आपटत राहिले. ओरडला तो वारलूभाऊ, नाल्यापलीकडे लाकडं तोडत होता तिथून, आणि कुऱ्हाड घेऊन धावला. अस्वल पळालं ते त्याच्या आवाजानं. बाया आल्या तेव्हा तू रक्तात पडलेली होतीस, वारलूभाऊ तुझ्या तोंडावर त्याचं धोतर दाबून धरत होता, आणि मी तोंड उघडं ठेवून उभी होते. सातवा दिवस उलटल्यावर मी बोलायला गेले तर नुसती हवा. आधी आपल्या टोळीतली रीता म्हणाली, मग सगळ्याच म्हणाल्या, "वरडून वरडून बाईचा गळा फाटला." मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायला आवाज नव्हता, असं मी मनाशी म्हटलं. पाटी होती की, सीता. घरात अंगणवाडीच्या वीस पाट्या पडल्या होत्या.

वारलूभाऊला माहीत होतं. एकदा बोअरिंगवर भेटला तेव्हा मी त्याच्या पायाकडे वाकले. तो म्हणाला, "जाऊ दे बाई. वाचली ना सीता, बस झालं." तो गेला तेव्हा गावात कोणी त्याचं नाव तुझ्या वाचण्याशी जोडलं नाही. श्रेय माझ्याकडे जमा झालेलं होतं, आणि मी ते परत केलं नाही.

तू अश्वजितकडे चामोर्शीला राहायला गेलीस, तरी दर जयंतीला गावी येऊन मला पहिल्या ओळीत बसवतेस. स्वतःच्या हातानं साडी देतेस, आणि "माह्यापायी तुहा गळा गेला" म्हणून रडतेस. त्या साड्या मी नेसले आहेत. एकटीनं घरात बसून त्यांच्या घड्या घालताना मला किती वेळा वाटलं की आज लिहावं. मग वाटायचं, ही एकच बाई आहे जी माझं उत्तर येईपर्यंत थांबते. तीही गेली तर?

डॉक्टरांचं सांगायचं राहिलं. पाटी वाचून त्या खूश झाल्या. लगेच फॉर्मवरचं खोडलं आणि नवीन लिहून मला सही करायला लावली. म्हणाल्या, "मावशी, म्हणजे तुमची काहीच चूक नाही. तुम्ही सगळं बरोबर केलंत. वण तुमच्या शरीरानं पाडला." सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला म्हणालं की तुमची चूक नाही, आणि ते नेमकं या गोष्टीसाठी. मी रडायला लागले तर त्यांना वाटलं मोकळं वाटलं म्हणून रडते. त्यांनी मला चहा पाजला. त्यांच्या कामाला माझं खरं उपयोगी पडलं, तेवढं बरं झालं. पुढे कोणा बाईला गुण आला तर येऊ दे.

ओरडले असते तर तुझा डोळा वाचला असता का, हे मला सांगता येत नाही. अस्वल कदाचित तरीही आलं असतं. आणि गळा तर गप्प राहूनही गेलाच. म्हणजे जे राखायला मी गप्प राहिले तेही राहिलं नाही. याला मी शिक्षा म्हणत नाही. आपल्या बाबासाहेबांनी आपल्याला असलं काही मानायला शिकवलेलं नाही. पण राग येतो, माझा मलाच.

आता तुझ्या खोलीचं. मला यायला फार आवडेल, हे आधी लिहिते. सकाळी उठून कोणी "झोप लागली का" विचारेल, एवढ्यासाठी मी चालत चामोर्शीला येईन. पण तू खोली खाली केलीस ती ओरडलेल्या गुलाबसाठी. ती बाई कधी नव्हतीच. ही गप्प राहिलेली आहे, आणि हिला अजून कोणी बोलावलेलं नाही. बोलवायचं असलं तर नव्यानं बोलाव. नसलं तर पिंकीला कारण सांगत बसू नको, खोलीत धानाची पोती ठेवून दे.

शुक्रवारी सुई आहे. त्यानंतर पुन्हा सात दिवस मौन. मी कुरखेड्याला गावी परत जाऊन वाट बघेन. उत्तर आलं नाही तर मी ते उत्तरच समजेन, त्यासाठी तुला दोष देणार नाही. माणूस गप्प का राहतो ते मला कोणी शिकवायला नको.

खाली "तुझी" लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

गुलाब