शाळा पाहून घर

नाशिक, १२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर ठरवलेलं नंतर आपल्या दोघींना वेगवेगळं आठवतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. राजवर्धनची बदली नक्की झाली. मेपासून बडोद्याबाहेरच्या सावली गावातल्या कारखान्यात. म्हणजे लग्नानंतर तेरा वर्षांनी मी पुन्हा बडोद्यात. आईला सांग.

आता काम. ध्रुव आणि इरा दोघंही जूनमध्ये पहिलीत जातील. आपण दोघी फी न भरता, पायी जाऊन, मराठीत शिकलो आणि आपलं काही अडलं नाही. मला त्यांच्यासाठी तसंच हवंय. सरकारी नाहीतर अनुदानित शाळा, पहिलीचा वर्ग मराठी, आणि वाटेत मोठा रस्ता नको. राजवर्धनला समा भाग बरा वाटतो, कारण सावलीचा रस्ता तिकडूनच निघतो. मी म्हटलं, तुझं ऑफिस पाहून घर घेतलं तर शाळा मिळेल ती घ्यावी लागेल. आपण शाळा पाहून घर घेऊ. त्यावर म्हणतो, मग ताईंना विचार, त्या भिंतीच्या पोपड्यांचीसुद्धा डायरीत नोंद करतील.

तर कर नोंद. पण मला तुझं मत नको, तुला दिसेल तेवढं कळव. मला रजा नाही, इथून येऊन मी शाळा पाहू शकत नाही. तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर घर घेणार आहे.

आईला नमस्कार. तुझी माया आहेच, ती जराशी कामालाही लाव.

तुझी,
आकांक्षा


मांजलपूर, २ मार्च २०२५

चि. आकांक्षास,
अ. उ. आ.

कॉलेजच्या ग्रंथालयातून दुपारच्या रजा काढून दोन आठवड्यांत सहा शाळा पाहिल्या. तीन यादीतून लगेच वगळल्या, कारणं सोबतच्या कागदावर आहेत. उरलेल्या तिन्हींचं लिहिते.

नागरवाड्यातल्या आपल्या शाळेत आधी गेले. मराठी पहिली चार वर्षांपूर्वी बंद झाली. तिथल्या शिपाईबेननी मला ओळखलं नाही, मी बाकं ओळखली.

समाच्या शाळेत न सांगता गेले. शाळा गुजरातीच. पण पहिलीतल्या चार मुलांच्या वह्या मागून पाहिल्या. आदल्या दिवसापर्यंत तपासलेल्या होत्या आणि चुकलेलं अक्षर शिकवणाऱ्या बेननी शेजारी स्वतः काढून दाखवलं होतं. पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नाही. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे. मुख्य शिक्षक गजेंद्रभाई फार बोलत नाहीत. मराठी घरातलं मूल आलं तर दिवाळीपर्यंत शाळा सुटल्यावर अर्धा तास आपण त्याला वेगळं बसवतो, पुढे त्याचं ते चालतं, एवढंच म्हणाले.

तिसरी इथली, मांजलपूरची. शलाका तिथे मुख्याध्यापिका आहे. माझ्या वर्गातली शलाका, जिने तुझी पिवळी ओढणी नेली ती अजून दिलेली नाही. तिच्याकडे अचानक जाऊन उभं राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून दोन दिवस आधी फोन केला होता. पहिलीच्या मराठी वर्गात अठ्ठावीस मुलं होती. चार रांगांत बसून त्यांनी मराठी गाणं म्हटलं. शलाका म्हणाली, तुकडी टिकून आहे, काळजी नको. जवळ भाड्याची घरं आहेत, तिथून सोसायट्यांच्या आतल्या रस्त्याने शाळा चालत सात मिनिटं. ती घरं आमच्यापासून दोनच गल्ल्यांवर, पण ते मी हिशेबात धरलेलं नाही.

मत नको म्हणालीस तरी देते. मांजलपूर घ्या.

आई ठीक आहे. चालणं थोडं कमी केलंय. मुलांना गोड पापा, राजवर्धनना सांग की पोपडे मोजले नाहीत. लोभ वाढता ठेव.

तुझी,
नीरजाताई


नाशिक, २१ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मांजलपूरचा फ्लॅट ठरला. राजवर्धनने घरमालकाशी व्हिडिओवर बोलून नक्की केला. रोज शहर ओलांडून सावलीला जायचं म्हणून कुरकुरतोय, पण मुलांच्या शाळेपुढे मी त्याचं चालू दिलं नाही. इराने शेजाऱ्यांना सांगून टाकलंय की तिच्या नव्या वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत आणि ती एकोणतिसावी. ध्रुव तिसावा, कारण तो सात मिनिटांनी धाकटा.

तुझ्याशिवाय हे जमलं नसतं. आता समोरासमोर भांडू, तोवर नमस्कार.

तुझी,
आकांक्षा


मांजलपूर, १४ जून २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन गल्ल्यांवरून टपालाने पत्र पाठवते आहे याचं तुला नवल वाटेल. समोर आले तर तू चहा टाकशील, आई मध्ये बसेल आणि मला विचारायचं ते राहून जाईल.

सोमवारी शाळा उघडली. मराठी पहिलीत पाच मुलं आहेत, आपली दोन धरून. त्यांना वेगळी खोली नाही. गुजराती पहिलीच्या मागच्या बाकांवर बसवलंय. बेन पुढे गुजरातीत शिकवतात आणि मग मागे येऊन पाचांना काय ते सांगतात. ध्रुव तीन दिवस घरी आल्यावर बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, मागे ऐकू येत नाही.

पहिला आठवडा आहे, मुलं वाढतील, असं मी स्वतःला समजावत होते. काल आमच्या सोसायटीतली यशश्री इराशी खेळायला आली. ती त्याच शाळेत गुजराती दुसरीत आहे. फुशारकीने सांगत होती की गेल्या वर्षी, ती पहिलीत असताना, एक मोठ्या बेन पाहायला आल्या तेव्हा तिला आणि तिच्या वर्गातल्या मुलांना वरच्या मजल्यावरून खाली आणून मराठी वर्गात बसवलं होतं. दोन दिवस मराठी गाणं पाठ करून घेतलं आणि नंतर बिस्किटं दिली. त्या बेननी तू चढवतेस तसा चष्मा कपाळावर चढवला होता, हेही तिला आठवतं.

मी तुझं मार्चचं पत्र काढून वाचलं. समाच्या शाळेत तू वह्या मागितल्यास. सोबतच्या कागदावर टाकाऊ शाळांच्या वह्यांबद्दलसुद्धा लिहिलं आहेस. शलाकाच्या शाळेत एकही वही पाहिल्याचं लिहिलेलं नाही. वही उघडली असती तर आत गुजराती निघालं असतं.

तू फसलीस की तुला माहीत होतं, एवढंच लेखी कळव.

आकांक्षा


मांजलपूर, १५ जून २०२५

प्रिय शलाका,
स. न. वि. वि.

माझ्या बहिणीचं पत्र कालच तिच्या शेजारच्या मुलीकरवी हाती आलं. टपालाची वाट पाहण्याइतका तिला धीर नव्हता. मी आले त्या दिवशी वर्गातली किती मुलं तुझ्या मराठी तुकडीची होती, हे मला तुझ्या हातचं हवं आहे. पंचवीस वर्षांत तुझ्याकडे काही लेखी मागायची वेळ आली नव्हती. तुझ्या शब्दावर माझ्या बहिणीने गाव सोडलं. मी तिला काय उत्तर देऊ?

नीरजा


मांजलपूर, १८ जून २०२५

प्रिय नीरजा,
स. न. वि. वि.

नऊ. बाकीची वरच्या मजल्यावरच्या गुजराती पहिलीतली. लिहून दिलं, ठेव जपून.

आता माझं ऐक. तपासणी असली की मुलं इकडची तिकडे बसवणं मी नोकरीला लागल्यापासून पाहत आले आहे. येणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तू न सांगता आली असतीस तर नऊच दिसली असती. तू फोन करून आलीस, तेव्हा मला वाटलं तुलाही भरलेला वर्गच पाहायचा आहे. आणि तुला कळलं नव्हतं असं म्हणू नकोस. ती चिमुरडी उभी राहून पाणी पिऊ का म्हणून गुजरातीत विचारायला लागली तेव्हा तू माझ्याकडे पाहून हसलीस. मी ते हसणं होकार समजले.

संस्थेने सांगितलं होतं, यंदाच्या मराठी पहिलीला दहा मुलं आणा तर खोली ठेवू. नवी सहा नावं आली होती, तुझी दोन भाचरं आली की आठ होत होती, आणखी दोन मी कुठूनही मिळवली असती. मेमध्ये उलट तिघं गळाली. तुझ्या बहिणीशी वाईट वागले, कबूल. पण तो वर्ग वाचावा असं मला खरोखर वाटत होतं. तुला कशासाठी हसू आलं, ते तुझं तू पाहा.

रागावून झालं की ये. मी आहे तिथेच आहे.

शलाका


मांजलपूर, २१ जून २०२५

चि. आकांक्षास,
अ. आ.

शलाकाचं पत्र सोबत जोडते. ते वाचून मी दोन दिवस तिच्यावर चिडून होते. माझ्या पाहुणचारासाठी तिने मुलं मांडून ठेवली, आणि वर मलाच भागीदार केलं. आज सकाळी डायरी काढली.

समाच्या शाळेवर दोन पानं आहेत. शलाकाच्या शाळेवर पाच ओळी. पाचवी अशी आहे की एका मुलीने पाणी पिऊ का हे गुजरातीत विचारलं, तिथल्या शिपाईबेनलाही तिचं नाव माहीत होतं ते वरच्या मजल्यावरच्या गुजराती वर्गातली म्हणून. या ओळीवर मी बारीक रेघ मारून ती खोडली आहे. का खोडली तेही आठवतं. ती राहिली असती तर तुला कळवावी लागली असती.

म्हणजे मला माहीत होतं. पूर्ण नाही, पण पुढचा प्रश्न विचारायला पुरेल एवढं. तो मी विचारला नाही.

आणखी एक लिहायचं आहे. सहा जानेवारीला आई न्हाणीघरात पडली. कंबरेला मार बसला, तीन आठवडे अंथरुणात होती. तुला कळवू नको असं तिने सांगितलं आणि मी आनंदाने ऐकलं, कारण कळवलं आणि तू चार दिवस येऊन परत गेलीस तर मला ते सोसलं नसतं. मग तुझं पत्र आलं. तू जवळ राहायला यावीस, आईचं करायला मला कोणी सोबत असावं, हे मागण्यापेक्षा शाळा दाखवून तुला बोलावणं सोपं वाटलं. हिशेबात धरलं नाही असं मी ज्याबद्दल लिहिलं होतं, तेवढंच मी हिशेबात धरलं होतं.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. मुलांच्या वर्गासाठी मी जिथे म्हणशील तिथे येऊन उभी राहीन.

तुझी,
नीरजा


समा, ६ जुलै २०२५

ताईस,
नमस्कार.

आम्ही समाला आलो. शाळा मी स्वतः पाहिली, तीन मुलींच्या वह्या मागून पाहिल्या. तू तिच्याबद्दल लिहिलेलं सगळं खरं होतं. गजेंद्रभाईंनी उशीर झाला तरी दोघांना घेतलं. शाळा सुटल्यावर अर्धा तास ते स्वतः शिकवतात. इरा रुळली आहे. ध्रुव वर्गात अजून तोंड उघडत नाही, पण त्याला पुढच्या बाकावर बसवलंय. त्यांची मराठी पहिली आता मी घरी घेते. मला हवं होतं ते असं नव्हतं.

शाळेचं मी विसरेन, निदान मुलं मोठी होईपर्यंत विसरायला वेळ आहे. दुसरं जमत नाही. जानेवारीत संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी आईला फोन करून गुळपोळीचं सारण विचारलं होतं. तिने तीळ किती भाजायचे इथपासून सगळं सांगितलं. ती तेव्हा पडल्या पडल्या सांगत होती, आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस.

तू कळवलं असतंस तर मी एकही शाळा न पाहता आले असते. चार दिवसांनी परत गेले असते असं तू माझ्याविषयी धरून चाललीस, मला न विचारता.

शनिवारी सकाळी दहाला आईला न्यायला येते. आता ती इथे राहील, किती दिवस ते तीच ठरवेल. तिचे कपडे, गोळ्या आणि डॉक्टरांचे कागद भरून ठेव. तिला लिफ्टने खाली आण. मी वर येणार नाही, गाडीपाशी थांबेन.

आशीर्वाद पाठवू नकोस, सध्या मला ते वाचता येणार नाहीत.

आकांक्षा