ओहोटी पाहून ठरविलेली सहल

मंगळवार, ता. १४ सप्टेंबर १८९७
प्लेगची साथ ओसरली. गावी पळालेली बिऱ्हाडे परतली आणि गिरगावातली आमची चाळ पुन्हा भरली. तथापि लोक अजून दारे लोटून बसतात. त्यांना मोकळ्या हवेची व सुशिक्षित मार्गदर्शनाची नितांत आवश्यकता आहे. सबब संकल्प: चाळीतील मंडळींची पायी सहल काढावी. चौपाटीच्या वाळूवरून वाळकेश्वर, तेथून बाणगंगा. वाटेत जुन्या मुंबईचा इतिहास मी सांगेन. माझ्या स्वतःच्या करमणुकीचा येथे प्रश्न नाही. पेन्शन झाल्यापासून मला दिवस अपुरा पडतो.

गुरुवार, ता. १६
दिवस मुक्रर केला, तोही शास्त्रीय पद्धतीने. आगबोटींच्या ऑफिसात हिशेबखात्याचा हेड होतो, त्यामुळे भरतीओहोटीचे छापील टेबल माझ्यापाशी असतेच. महिन्यातील सर्वांत मोठी ओहोटी रविवार ता. २६ च्या पहाटे. शिवाय सुटीचा वार. पाणी इतके हटेल की बायकामुलेही निर्धास्त चालतील. असा योग इतर कोणास साधला नसता.
पंचांग घरात नाही. ते खाते आमच्या कुटुंबाकडे होते. कुटुंबास जाऊन तीन वर्षे झाली. अडले काहीच नाही.

शनिवार, ता. १८
शेजारच्या हरेश्वररावांना प्रथम सांगितले. ते चमकले. "सव्वीस तारखेला? वाळकेश्वरला?" मी होय म्हटले. तेव्हा फार मऊ आवाजात म्हणाले, "मी येणारच आहे हो, नाना. तिथेच भेटू." एक नाव निश्चित. मला जिन्यात पाहिले की हा गृहस्थ चपला हातात घेऊन परत वर जातो असा माझा समज होता. तो आजपासून रद्द.

सोमवार, ता. २०
वरच्या मजल्यावरचे गणपतराव म्हणाले, "जायलाच हवं. तुमच्या लक्षात राहिलं, बरं वाटलं." काय लक्षात राहिले ते विचारले नाही. इतिहासच असणार. दुसरे नाव निश्चित. तळमजल्यावरचे दोघेही "तिथेच भेटू" म्हणाले. लोकांना नेतृत्वच हवे असते.
हरेश्वररावांच्या आनंदीबाईंना स्त्रियांच्या तुकडीची व्यवस्था देऊ केली. त्या म्हणाल्या, "भावजी, थट्टा करता का? त्या दिवशी चूल सोडून मी कुठं येऊ? वडे व्हायचेत, खीर व्हायचीय!" सुटी म्हटली की बायकांना आधी खाणे सुचते. तुकडी रद्द. पुरुष पुरेत.

शुक्रवार, ता. २४
शिट्टी विकत घेतली. व्याख्यान भिंतीसमोर म्हणून पाहिले. शेवटपर्यंत शांतता राहिली.
परतल्यावर मंडळींनी माझ्या खोलीत चहा घ्यावा, असे योजिले आहे. कपबशा काढल्या. त्यांवर इतकी धूळ असेल असे वाटले नव्हते.

शनिवार, ता. २५
पुन्हा आठवण देणे कमीपणाचे. सभ्य माणसाचा शब्द एकदाच घ्यावा. तरी जिन्यात तीनदा उभा राहिलो, ते केवळ वाऱ्यासाठी.

रविवार, ता. २६, चौपाटी
सूर्य वर आला. कोणी नाही. पंक्चुअलिटी हा आपल्या लोकांचा गुण नव्हे. ओहोटी मात्र वेळेवर.
रखमा कोळीण टोपली घेऊन चालली होती, ती थांबली. "काय नाना, वाळकेश्वराला? आन् भट कुठं हाय तुमचा?" वाटाड्याची गरज नाही, सगळे मीच सांगणार आहे, असे मी उत्तर दिले. "तुमीच सांगनार?" म्हणून ती तोंडाला पदर लावून हसली. "शिकलेली मानसं, बाबा!"
बराच वेळ थांबलो. शिट्टी वाजवली. कुत्रे आले.
एकटाच निघालो. पुढाऱ्याने पुढे असावेच लागते.

त्याच दिवशी, दुपार
बाणगंगेच्या पायऱ्यांवर पाहतो तो आमची चाळ! हरेश्वरराव, गणपतराव, तळमजल्यावरचे दोघे, शिवाय न विचारलेलेही. डोळ्यांत पाणी आले. समुद्रावरचा वारा फार खारा असतो. मंडळी जवळच्या वाटेने आधी पोहोचली, असे समजून मी वरच्या पायरीवर उभा राहिलो, शिट्टी वाजवली आणि व्याख्यान सुरू केले. दोन वाक्ये झाल्यावर दिसले की सगळे उघड्या अंगाने आहेत, बोटांत दर्भ, ओंजळीत पाणी आणि काळे तीळ.
हरेश्वरराव धावत वर आले. "नाना, अहो, गप्प! सर्वपित्री आहे आज!"
सर्वपित्री अमावास्या. सर्वांत मोठी ओहोटी अमावास्येच्या सुमारास येते, हे मी स्वतः ऑफिसात नव्या कारकुनांना शिकवीत असे.
दरवर्षी अविधवा नवमीला, कुटुंबाच्या श्राद्धासाठी, मेहुणे दादरहून येऊन मला घेऊन जात. यंदा साथीमुळे ते अलिबागेसच राहिले. नवमी गेल्या सोमवारी होती म्हणे. मी त्या दिवशी नावे गोळा करीत होतो.
गणपतराव म्हणाले, "राहून गेलेल्यांसाठीच आजचा दिवस असतो. या, उतरा खाली." मंडळींनी सरकून जागा दिली. हरेश्वररावांनी माझी पगडी, कोट आणि शिट्टी सांभाळली.
भटजींनी नाव विचारले. बायकोचे नाव आपण घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतले होते, तेवढेच. पुढे दिवसकार्याच्या वेळी आणि दर नवमीस मेहुणेच सांगत, मी मान हलवीत असे. आज मान हलविली, तर भटजी म्हणाले, "यजमान, मोठ्याने."
मी म्हणालो, "गुणवंती."
तर्पण आटोपताच मंडळी घरोघरी पळाली. पाने वाढायची होती. चौपाटीच्या बाजूने मी एकटाच आलो. तोवर भरती आली होती, वाळू बुडाली होती, रस्त्याने यावे लागले.
खोलीत आल्यावर, उच्चार शुद्ध झाला होता की नाही याची खात्री करून घेण्यासाठी, ते नाव पुन्हा एकदा घेतले. ओ आली नाही.