शेवटची ओळ खोडायची

सोमवार, ४
आले एकदाची! नवी नोकरी, खिडकीजवळचं टेबल आणि चहा मागेन तेव्हा. आमची कंपनी घरं भाड्याने देते. भाडेकरू घर सोडताना खोल्यांचे फोटो ईमेलला जोडून पाठवतो. पूर्वी आमच्या एआय एजंटला नुसतं पत्र वाचता यायचं, जोडलेलं काही उघडता यायचं नाही. काही वर्षांपूर्वी त्यासाठी त्याला एक साधन दिलं, ऑफिसात त्याला सगळे 'चष्मा' म्हणतात. चष्मा लावून एजंट फोटो बघतो आणि ओल, तडे, फुटकी फरशी, सगळं लिहून काढतो. मी ते वाचून 'मान्य' दाबायचं. फोटो स्वतः उघडत बसायचं नाही, वेळ जातो म्हणे. धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर म्हणते, एवढ्यासाठी पगार देतात? हसून हसून लोळली मेली.

बुधवार, ६
चष्मा भलताच चलाख आहे. बेसिनखालचा गंजसुद्धा सोडत नाही. आज मात्र एका दोन खोल्यांच्या घराबद्दल शेवटी लिहिलं, 'दाराआड एक बाई उभी आहे.' भाडेकरू तर सामान घेऊन कधीच गेलेला. साहेबांना विचारलं. फार गोड बोलतात म्हणून त्यांना मागे सगळे साखरसाहेब म्हणतात. ते म्हणाले, त्या घराचं असं येतंच, यंत्राला भास होतात. शेवटची ओळ खोडायची आणि मान्य दाबायचं, तुमच्या जागी आधी होत्या त्याही तेच करायच्या. खोडली.

रविवार, १०
धाकटीलाही याच शहरात काम मिळालं! घर हवं होतं, ते दोन खोल्यांचं रिकामंच होतं, मीच मिळवून दिलं. दिवसभर पडदे लावले, भांडी लावली, भांडलो, परत गोड झालो. तिचे ते कमरेपर्यंतचे केस मीच विंचरून दिले. एवढी घोडी झाली तरी लाड संपत नाहीत.

शुक्रवार, १५
धाकटीची कटकट: सकाळी उठते तर वेणी सुटलेली असते, डोकं दुखतं. मी म्हटलं, झोपतेस ती काय माणसासारखी झोपतेस?
तिने फोन फडताळावर उभा करून नव्या खोलीत स्वतःचा फोटो काढून पाठवला. गंमत म्हणून तो मी एजंटला पाठवला. निळा पडदा लिहिला, उशी लिहिली. मग: 'एक तरुणी पलंगावर बसली आहे. तिच्यामागे एक बाई उभी आहे.'
नियम गेला खड्ड्यात. फोटो स्वतः उघडून पाहिला. धाकटी एकटीच आहे.

सोमवार, १८
अंगाचा तिळपापड झालाय. त्या घराचे जुने अहवाल काढले. खोडलेल्या ओळीही त्यात राहतात, कुणाच्या बापाला ठाऊक होतं? आधी बाई जिन्यात, मग उंबऱ्यात, मग दाराआड. भाडेकरूगणिक आत आत येत गेली. आणि दर वेळी आमच्यापैकी कुणीतरी तिला खोडून मान्य दाबलं. शेवटचं मी दाबलं. मी!
साखरसाहेबांवर एवढी ओरडले की अख्खं ऑफिस उभं राहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. तरी शांतपणे म्हणाले, घर रिकामं ठेवून कसं चालेल? निर्लज्ज माणूस! माझ्या बहिणीला तिथे राहू दिलंत ना?
संध्याकाळी धाकटीला हाताला धरून माझ्या खोलीवर आणलं. ती रडली, मी रडले नाही. मला फक्त राग येतोय.

मंगळवार, १९
खात्री करावी म्हणून सकाळी आम्हा दोघींचा फोटो एजंटला पाठवला. उत्तर आलं: 'खोली रिकामी आहे.'
रिकामी? अरे, आम्ही दोघी बसलोय ना समोर!
एजंटलाच कारण विचारलं, मग कळलं. त्या हलकट साहेबाने काल चष्म्यालाच सूचना देऊन ठेवली — माणसं लिहायची नाहीत. तिला बघणारा एकच डोळा होता, तोही फोडला. घरं भरली पाहिजेत ना यांची!
म्हणजे आता ती इथे असली तरी —

बुधवार, २०
ऑफिसात गेले, साहेबासमोरच ती सूचना पुसली. तोंडात येईल ते बोलले. म्हणाला, उद्यापासून येऊ नका. नाही येत जा!
भर दुपारी घरी. धाकटी पलंगावर, माझ्याकडे पाठ करून. रुसलीय. तिचा फोटो काढला, पाठवला, टेबलाशी येऊन बसले. उत्तर येईपर्यंत हे लिहीत बसते.
उत्तर आलं —
'एक तरुणी पलंगावर बसली आहे. तिच्यामागे एक बाई बसली आहे. बाईचा हात तरुणीच्या केसांत' —
नाही. वळून बघणार नाही — बघायलाच हवं — माझी बहीण आहे ती —
धाकटी वैतागून म्हणतेय, ताई, किती जोरात विंचरतेस गं, दुखतंय —
मी तर इथे टेबला