गोळी लागू पडू नये म्हणून

८ एप्रिल
शेजारच्या कमळचा काळा मसाला जळाला. माझ्यामुळं. गल्लीत कुणी मसाला भाजायला घेतला की कढईवर नाक माझं लागतं. खोबरं, तीळ, दगडफूल. मी वाकायचं, वास घ्यायचा, 'उतरव' म्हणायचं. आज वाकले. वासच नाही. नुसती धग. म्हटलं, 'अजून थोडं.' कमळ हलवत बसली. धुरानं सगळ्या बायांचे डोळे गळायला लागले तरी कुणी बोललं नाही. म्हातारीचं नाक चुकतं कुठं. शेवटी मीच म्हणाले, 'खोबरं खवट हुतं गं तुझं.'
(वही मी सांगते, लिहिते सूनबाई सुनंदा. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. शाळा शिकलेली. लिहू दे.)

९ एप्रिल
हिंगाची डबी नाकाशी धरली. काही नाही. लसूण ठेचून हुंगला. काही नाही. सुनंदानं पकडलं.
'आत्या, डबीत तोंड घालून काय शोधताय?'
'तुझी अक्कल.'
हसली. मग हसायची थांबली.

१२ एप्रिल
भाकरी फिरत नाही. उजवा हात पिठावर पडतो आणि तिथंच राहतो. एकीकडं जाड, काठ चिरलेला. दत्ता सुप्याला कंपनीत डबा नेतो. निघताना डबा उघडून म्हणाला, 'आई, आज नकाशा केला व्हय?'
आणि अंगठा. मांडीवर हात ठेवला की अंगठा बोटावर फिरत राहतो. कमळ म्हणाली, 'मावशी, हातात कापूस न्हाई अन् वाती कशाच्या वळता?' म्हटलं, 'तुझ्या मसाल्याच्या तेराव्याच्या.'
माझ्या सासूचं असंच सुरू झालं होतं. वातींपासून. पुढं पुढं मी तिला घास भरवायचे. ती माझ्याकडं बघायची नाही, वाटीकडं बघायची. मला वाटायचं रागावलीय. आता कळतं की
पुढचं लिहू नको म्हटलं.

१६ एप्रिल
नगर. मेंदूचा डॉक्टर, पोरगेलासा. बोटं टिचकवायला लावली, चालवलं, वळवलं. मनगट धरून हात हलवला तर अडकत अडकत आला, जुन्या रहाटासारखा. 'आजी, चालताना उजवा हात हलत नाही.' म्हटलं, 'आता कुणाच्या वरातीत नाचायचंय.' हसला नाही.
नावं लिहून घे म्हटलं सुनंदाला. मुक्कामाला येणाऱ्याचं नाव माहीत पाहिजे. मेंदूतून पाठीच्या कण्यात उतरतो तो मज्जारज्जू. त्यातून फुटतात ते चेतातंतू, हातापायांना हुकूम पोचवणारे. माझ्या या तारा शाबूत आहेत म्हणे. बिघाड वर, मेंदूच्या बुडाशी, एका काळ्या भागात. सबस्टॅन्शिया नायग्रा. तिथं डोपामिन नावाचा रस तयार होतो. तो आटला की हात जड होतो, अंगठा फिरतो. वासाची नसही पुष्कळांची आधीच मंदावते. आजार पार्किन्सन. आपल्यात कंपवात म्हणतात तो.
'पण आत्ताच शिक्का मारत नाही,' डॉक्टर म्हणाला. 'गोळी देतो. हात मोकळा झाला तर बहुतेक तोच. नाही झाला तर दुसरं काही शोधू.'
म्हणजे बरं वाटलं तर वाईट.

२० एप्रिल
गोळी चालू. सकाळी मळमळ. फरक काही नाही. लई बरं वाटलं.
'लोक गोळी लागू पडावी म्हणून देवाला सांगतात,' सुनंदा म्हणाली. 'तुमचं उलटंच.'
'माझं कधी सुलटं हुतं?'
अंगठा वळतोच आहे. वळू दे.

२७ एप्रिल
दत्तानं डॉक्टरला फोन केला. गोळी वाढवली. मला कुणी विचारलं नाही.
दुपारी आडवी झाले की सासूची वाटी दिसते. आत पातळ भात.

३ मे
पीठ मळलं आणि हात आपसूक फिरला. गोल. काठ अखंड. तव्यावर टाकली, टम्म फुगली. सुनंदा बघत राहिली. 'आत्या, किती दिवसांनी,' म्हणाली.
दत्ता अंघोळीला गेला होता. भाकरी कुस्करून कुत्र्याला घातली. दुसरी मुद्दाम वाकडी थापली. आधी आपोआप वाकडी व्हायची. आज वाकडी करायला मेहनत पडली.

६ मे
उद्या नगर. दत्ता म्हणाला, 'आई, खरं सांग, गोळीनं काय फरक?'
'तुझ्या बापाच्या बोलण्यानं माझ्यात पडायचा तेवढा.'
हसत हसत गाडी पुसायला गेला. सुनंदा हसली नाही. इतके दिवस तिनं वाकड्या भाकरी मुकाट वाढल्या. आता वहीवर पेन धरून विचारते, 'उद्या डॉक्टरांनी मला विचारलं तर?'
'तुला कोण विचारतंय.'
'आत्या, वेळ आली तर घास मी भरवीन. पण तुम्ही माझ्याकडं बघायचं.'
हे कशाला लिहितेस म्हटलं. लिहितेच आहे.
हात पदराखाली ठेवलाय. वाती वळत नाही. अंगठा सकाळपासून गप्प आहे. हलायचा तेव्हा एवढं भ्या वाटलं नव्हतं.