व्याह्यांना वही कशी वाचायला लावायची?

प्रिय चिमे,

तू एकाच ओळीत विचारलंस, “बाबा, तुम्ही त्यांना सांगितलं होतं की नाही?” चार दिवस मी कागद पुढ्यात घेऊन बसतोय आणि उठतोय. खरं सांगू? माझं मलाच कळेना.

एवढं पक्कं आठवतं: विमानाच्या पंखाखालचं झाकण मी बसवलं, सहा स्क्रू नुसते हाताने फिरवले, आवळायचे राहिले आणि माझी पाळी संपली. दुपारच्या पाळीला तुझे सासरे आले. दुसऱ्या दिवशी झाकण हवेत निखळलं. विमान सुखरूप परतलं, कुणाला खरचटलंही नाही, हे नशीबच.

चौकशीत मी म्हणालो, स्क्रू आवळायचे राहिलेत हे मी त्यांना सांगितलं होतं. म्हणताना मला ते खरंच वाटत होतं गं! ते मान खाली घालून म्हणाले, “हो, सांगितलं होतं. माझ्याच लक्षात राहिलं नाही.” आता त्यांना कामावरून घरी बसवलंय.

पूर्वी आमचं असं नव्हतं. काय झालं, काय राहिलं ते मी वहीत लिहायचो आणि पाळी बदलताना तुझा सासरा ती माझ्यासमोर मोठ्यानं वाचायचा. “ए आंधळ्या, आवळलेस का सगळे?” असं हँगरभर ओरडायचा. वीस वर्षं आम्ही एकमेकांच्या कामाला नावं ठेवली. मग तुझं लग्न झालं आणि आम्ही अहो-जाहोवर आलो. मुलीच्या सासऱ्याला वही वाचायला कसं लावायचं? त्यांनी तरी व्याह्याचं काम कसं तपासायचं? बसलो संकोच करत.

काल ती दुपार पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. हत्यारांच्या कपाटाशी उभे होतो. ते म्हणाले, आपण दोघं आजोबा होणार. मी त्यांना मिठी मारली आणि तुझ्या आईला सांगायला तसाच घरी पळालो. यात स्क्रूंचं बोलणं कुठे बसवू? कुठेच बसत नाही, पोरी. वहीतही काही लिहिलं नव्हतं. मग ते ‘हो’ का म्हणाले? त्यांनाही आठवत नाही, की मला वाचवलं? विचारायचंही धाडस होत नाही.

उद्या सकाळी साहेबांना सांगणार आहे, मी सांगितलं नव्हतं. नोकरी जाईल बहुतेक. पण आधी त्यांना कळू दे, म्हणून हे लिहून आजच तुझ्या आईच्या हाती पाठवतोय. हे पत्र त्यांच्या हातात दे आणि मोठ्यानं वाचायला लाव. वाचून झालं की म्हणावं, एकदा फोन करा आणि बाबांना आंधळ्या म्हणा.

तुझाच,
बाबा