भुरी का आरवते

९ जानेवारी
आज पहाटे भुरी आरवली. आधी वाटलं, शेजारचा कोंबडा. खुराड्यापाशी जाऊन बघितलं तर मान ताणून हीच. आवाज फाटका, शेवट अर्धवट. आपला कोंबडा दिवाळीत मुंगसाने नेला, म्हणजे शंकाच नाही. अंडं देऊनही महिना झाला असेल. तारीख लिहून ठेवायला हवी होती.

१० जानेवारी
पुन्हा. या वेळी कुंपणापलीकडे धाकट्या जावेने, सुलभाने ऐकलं. तशीच आली.
"आक्का, कोंबडी आरवली म्हंजे घरावर कायतरी येतंय. कापून टाका. माझ्या नितीनची हळद तोंडावर हाय."
म्हटलं, बघू.
"बघू काय? घरात गडी न्हाय, मंग कोंबडीच आरवनार!"
बोलली आणि जीभ चावली. चहा न घेता गेली.
ह्यांना जाऊन मार्चात दोन वर्षं. वाडीची मोटर मी लावते, माडांना पाणी मी सोडते. त्याला कुणी अशुभ म्हणत नाही.

१३ जानेवारी
अलिबागच्या वाचनालयातलं पक्ष्यांचं पुस्तक. कोंबडीला अंडाशय कामाचं एकच, डावं. ते बिघडलं तर उजवीकडचं न वाढलेलं कधी कधी नराच्या अंगाने वाढतं. तुरा मोठा होतो, आरवणं येतं.
एकच का? उडायला अंग हलकं हवं म्हणून, असा तर्क. पण काही शिकारी पक्ष्यांना दोन असतात आणि ते उत्तम उडतात. किवीला दोन, तो उडतच नाही. नक्की कुणालाच ठाऊक नाही. हे वाचून बरं वाटलं.
पुढच्या पानावर दुसरं कारण. कळपात कोंबडा नसला तर एखादी दांडगी कोंबडी त्याची जागा घेते आणि आरवते.
म्हणजे पुस्तक सुलभाच्या बाजूने!

१७ जानेवारी
नितीन आला. "मोठी आई, मला काय फरक पडत नाय. पण आई म्हणते, कोंबडी ठेवायची तर आक्काने हळदीला येऊ नये."
"तू काय म्हणालास?"
"मी काय म्हणणार."
माझ्या मांडीवर वाढलेलं पोर. लाडू दिले, खाल्ले नाहीत.

१९ जानेवारी
सुलभाकडे गेले. म्हटलं, कोंबडा आणते. हळदीच्या सकाळपर्यंत भुरी गप्प राहिली तर ती राहील. आरवली तर भावोजींनी कापावी, मी आड येणार नाही.
"शब्द?"
"शब्द."
घरी येऊन भुरीला दाणे टाकले. ह्यांनी असा शब्द देऊ दिला नसता.

२२ जानेवारी
तळा गावाहून माझा भाऊ आला, पिशवीत कोंबडा. "ताई, जावई आणलाय, नीट वागवा."
जावयाला भुरीने पहिल्या तासात दोनदा चोपलं. तो पपईखाली.

२६ जानेवारी
कोंबडा रोज आरवतो. भुरी चार दिवस गप्प. म्हणजे फक्त जागा रिकामी होती? मग तुरा का वाढतोय? पायामागे कोंबड्यासारखं टोक आलंय, बोटाला लागतं. अंडं नाही.
दोन्ही कारणं एकदम खरी असतील का, पुस्तकात नाही.

२९ जानेवारी
हळद.
पहाटे कोंबडा आरवला. मग भुरी. लांब, शेवटापर्यंत.
कुंपणापलीकडून सुलभा, "आक्का, दुसऱ्यांदा कोन आरवलं?"
"कोंबडाच. दोनदा आरवला."
या वहीत बघितलं तेच लिहीत आले, म्हणून लिहिते. दुसऱ्यांदा आरवली ती भुरी होती.
सुलभा कुंपणापाशी आली, खुराड्याकडे बघितलं. तिचं माहेर कोंबड्या पाळणाऱ्यांचं, तिला आवाज न कळायला काय झालं. मग म्हणाली, "बरं. खवणी घेऊन या, नारळ लय हायत."
गेले. नितीनला हळद लावली. सुलभानेच वाटी पुढे केली, माझ्याकडे न बघता.
उद्या लग्न. अजून एक पहाट आहे.